भात्याला कान लावणारी आत्या

आमच्या आत्यांना पालीची भीती वाटे. कुत्र्याची वाटे, विहिरीची वाटे, घुबडाची वाटे, खाकी कपड्यातल्या कोणत्याही माणसाची वाटे, मग तो टपालवाला का असेना. आडावर पाणी शेंदायची वेळ आली की दोर शेजारणीच्या हातात देत आणि स्वतः लांब उभ्या राहून "जपून गं बाई, जपून" म्हणत. भर दुपारी पिंपळाखालून जायचं म्हटलं की पदर दातात धरून पळत सुटत. आणि हीच बाई धगधगत्या भट्टीपुढे अर्धा अर्धा दिवस बसे. ठिणग्या अंगावर उडत, लुगड्याला भोकं पडत, पण त्यांची पापणी हलत नसे. आगीची भीती तेवढी देव त्यांना द्यायला विसरला होता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. घर लोहाराचं, वाटूरला, रस्ते फुटतात त्या जागेच्या अगदी जवळ. परतूरकडून, मंठ्याकडून, जालन्याकडून बैलगाड्या येत. कोणाच्या चाकाची लोखंडी धाव निसटलेली, कोणाचा आख वाकलेला, ती गाडी आमच्या ओट्याला लागे. मामंजी ऐरणीवर, माझे यजमान घणावर आणि आत्या भात्यावर. एका हाताने भाता ओढत, दुसऱ्याने पदर सावरत, आणि तोंडाने मला घरातली कामं सांगत. गावाने त्यांचं नाव भातेवाली ठेवलं होतं. त्यांचं खरं नाव मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही त्यांचा भाऊ भेटायला आला तेव्हा.

भाता बिघडला म्हणून लांबलांबचे लोहार त्यांच्याकडे येत. आलेल्याला आत्या आधी बोलूच देत नसत. भाता जमिनीवर ठेवून दोन-चार वेळा दाबत आणि कातड्याला कान लावून डोळे मिटून ऐकत. मग तपासणी सुरू. पहिल्यांदा नळीचं तोंड. तिथे लोखंडाचं कीट साचून भोक बारीक झालंय का ते. मग नळी लाकडात बसते तो सांधा. मग खालच्या फळीतली झडप, म्हणजे वारा आत घेणारं कातड्याचं झाकण. सगळ्यात शेवटी कातड्याच्या घड्या. घड्यांवर चुलीतली राख भुरभुरून भाता हळूच दाबत आणि जिथली राख उडेल तिथे बोट ठेवत. "हे बघ, इथून पादून राह्यलाय," असं भर माणसांत म्हणत. ऐकणारे हसत, त्या हसत नसत. आग पेटत नाही अशी तक्रार कोणी केली की त्यांचं एकच उत्तर असे. "आगीला नावं नको ठिवू. आग गरीब असती, मिळंल ते खाती. वारा कुठं अडून राह्यला ते बघ."

माझ्या माहेराजवळ, तीर्थपुरीच्या अलीकडे, एका लोहाराने नवी पडवी घातली आणि त्या दिवसापासून त्याची भट्टी धरेना. भाता नवा, कातडं नवं, कोळसा चांगला. त्याने मांत्रिक आणला, पडवीला लिंबू-मिरच्या टांगल्या, तरी आग आपली मलूल. शेवटी आत्यांना बोलावलं. वाटेत ओढा होता, तो ओलांडताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. तिथे गेल्यावर मात्र त्यांनी भात्याला कान लावला आणि लगेच मागे जाऊन पाहिलं. त्या लोहाराने भात्याच्या बुडाशी कोळशाचं पोतं रचून ठेवलं होतं, बरोबर झडपेला टेकून. "अरे बाबा," आत्या म्हणाल्या, "बाहीर फुकायच्या आधी आत घ्यावा लागतो. तुझ्या नाकावर कुणी उशी दाबली तर तू किती फुकशील?" पोतं सरकवलं आणि दोन दाबांत कोळसा लाल झाला. तो गडी ओशाळून लिंबू काढायला लागला, तर आत्यांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे की. त्याचा वाऱ्याला काय तरास हाये?" भुताखेतांशी उगाच वाकडं घ्यायला त्या तयार नव्हत्या.

भट्टीपुढे त्यांना एकच गोष्ट भिववायची, ती म्हणजे अर्धवट भुकेली आग. वारा कमी पडला की कोळशावर निळसर ज्योत नाचायला लागते. ती दिसली की त्या सगळ्यांना ओरडत. तरुणपणी एकदा अशी निळी ज्योत असताना त्यांनी भाता सोडून दिला होता. कोळशाचा तो वाईट वारा नळीतून मागे भात्याच्या पोटात शिरला आणि पुढच्या दाबाला धाडकन भडका झाला. भुवया गेल्या, त्या पुन्हा नीट आल्याच नाहीत. त्या वाऱ्याला धूर नसतो, वास नसतो, असं त्या सांगत. "दिसत न्हाई म्हणून भ्यायचं त्याला," हे वर असे. मी तेव्हा नवी सून, जिभेची तिखट. मी म्हणायची, "आत्या, तुम्ही तर दिसतं त्यालाबी भिता." त्यावर त्या रागावत नसत. राजूरच्या गणपतीला त्यांनी इतके नवस बोलून ठेवले होते की देवालाही आठवत नसतील, असं मामंजी म्हणत. मला ताप आला की नवस, बैल लंगडला की नवस, यजमान बाजारातून उशिरा आले की नवस.

मग ते वाईट वर्ष आलं. निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं वर्ष, पण शेवटचं आहे हे तेव्हा कोणाला माहीत होतं? हत्यारबंद टोळ्या रस्त्यांनी फिरायला लागल्या. आज या गावात आग लागली, उद्या त्या गावातली माणसं नेली, अशा बातम्या गाड्यांबरोबर येत आणि आमच्या ओट्यावर थांबत. गंमत अशी की आत्यांचा भित्रेपणा त्या दिवसांत कोणाच्या लक्षात येईना. सगळं गावच त्यांच्यासारखं झालं होतं. दारावर पान पडलं तरी माणसं दचकत. आणि लोहाराच्या घरची भीती वेगळीच होती. भाले हवेत, तलवारी हव्यात, तर लोहार हवा. एका बाजूचे म्हणत आम्हाला करून द्या, दुसऱ्या बाजूचे म्हणत त्यांना का करून दिले. आसपासच्या गावांतून लोहार उचलून नेल्याचं कानावर यायला लागलं.

मी तेव्हा पोटुशी होते. गावातली बरीच कुटुंबं हद्द ओलांडून वऱ्हाडात निघाली. आम्हीही निघायचं ठरवलं, आणि नेमकी मी बाळंत झाले. मुलगी झाली. सुईण म्हणाली, या बाळंतिणीला आत्ता गाडीत घातलं तर रस्त्यातच जाईल. मामंजी आणि यजमान जायला तयार होईनात. तेव्हा आत्यांनीच त्यांना घराबाहेर काढलं. "तुम्हाला नेत्याल. मला म्हातारीला कोण नेतंय? जा, जल्दी जा." यजमान उंबऱ्यात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले, तर आत्यांनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. दोघं दिसेनासे झाले आणि मग त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. शेजाऱ्याने पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. घर रिकामं आहे असं दिसावं, एवढाच आमचा बचाव होता. भट्टीच्या पडवीच्या फळ्या आतून अडसर घालून बंद केल्या आणि आम्ही तिघी आतल्या खोलीत राहू लागलो.

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. कान बांधायचे, फटी बुजवायच्या, बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा. एरवीही हे केलंच असतं. पण आता त्यात लपण्याची भर पडली. माळवदात, म्हणजे मातीच्या छतात, धूर जायला भोक असतं, त्याला आम्ही साणं म्हणतो. वरून कोणी डोकावू नये म्हणून शेजाऱ्याने जाताना त्यावर टोपलं पालथं घातलं होतं आणि मातीचा गिलावा केला होता. दाराच्या फटींत आत्यांनी स्वतः चिंध्या कोंबल्या. चूल पेटवायची सोय नव्हती, धूर दिसला असता. शेगडीत मात्र भट्टीचा कोळसा होता. "कोळशाला धूर न्हाई," आत्या म्हणाल्या, "कुणाला कळायचं न्हाई." आयुष्यभर वारा कुठे अडतो ते शोधणाऱ्या त्या बाईने त्या खोलीतला सगळा वारा आपल्या हाताने अडवला, कारण बाळंतिणीच्या खोलीत वारा हा शत्रूच असतो, हे त्यांना त्यांच्या आईने सांगितलं होतं आणि तिला तिच्या आईने. मलाही ते बरोबरच वाटत होतं. पहिले काही दिवस त्या रोज झाडलोट करायला म्हणून आतलं दार उघडत असत, म्हणून निभावलं.

एका दुपारी ओट्यापाशी गाडी थांबली. बैलांच्या घुंगरांचा आवाज बंद झाला आणि माणसांचे आवाज ऐकू आले. कुलूप हलवून पाहिल्याचा आवाज झाला. मग माणसं ओट्यावर सावलीला बसली. किती होती कोण जाणे. काही दख्खनीत बोलत होती, काही आपल्या मराठीत. ती कोणाची माणसं होती ते मला आजही सांगता येणार नाही. त्या वर्षी हातात हत्यार असलेला माणूस एवढंच पुरेसं असे. आत्यांनी आतलं दार लोटलं, उरलेली फट आपल्या जुन्या लुगड्याने बुजवली आणि माझ्या बाजेला टेकून खाली बसल्या. त्यांच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता.

लेकरू झोपलं होतं. देवाची कृपा, असं मी मनात म्हटलं. ते झोपूनच राहावं, उठू नये, असं घोकत राहिले. बाहेरची माणसं उठेनात. कोणीतरी विडी ओढत होतं, कोणीतरी खोकत होतं. माझं डोकं ठणकायला लागलं. भीतीने होतंय असं वाटलं. मग मळमळायला लागलं, आणि हळूहळू सगळं दूर गेल्यासारखं, बरं वाटायला लागलं. डोळे मिटत होते. भीतीसुद्धा कमी झाली होती. इतक्या दिवसांनी मला छान झोप येत होती, आणि आत्याही बाजेच्या खुरावर मान टाकून पेंगत होत्या.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. आत्यांनी मान उचलली. त्या शेगडीकडे बघत होत्या. कोळसा काळवंडत चालला होता आणि त्याच्यावर निळी ज्योत नाचत होती. त्या बघतच राहिल्या, आणि मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. पाल बघून, कुत्रं बघून त्या घाबरत ते काहीच नव्हतं. त्यांनी लेकराच्या छातीला कान लावला. तसाच, डोळे मिटून. मग माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजल्या, "पोरी, ऊठ. आपण भात्याच्या पोटात बसून राह्यलो गं."

मला उठवेना. त्यांनी लेकरू उचललं. ते चिंधीगत लोंबत होतं, ओठ भलतेच लाल झाले होते. आत्या दाराशी गेल्या आणि थांबल्या. मला तेव्हा कळलं त्या का थांबल्या. लेकराला वारा मिळाला तर ते रडेल. रडलं तर ओट्यावरचे ऐकतील. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच सासू सुनेची परवानगी मागत होती. मी मान हलवली. त्यांनी पायाने चिंध्या दूर केल्या आणि दार उघडलं. शेगडी ओढत पडवीत नेली. परत येऊन मुसळाने साण्यावरचं टोपलं ढोसलं. गिलावा पडला, उजेडाचा एक पट्टा खाली आला. मला काखेत धरून त्यांनी बाहेर ओढलं. पण पडवीही बंदच, वैशाखाची दुपार, वारा म्हणून कुठे नाही. तेव्हा त्यांनी लेकराला भट्टीच्या थंड राखेपाशी, नळीच्या तोंडापुढे आपल्या मांडीवर घेतलं आणि भाता ओढला.

आमच्या भात्याचा आवाज गावाच्या कानात बसलेला होता. ओढताना कण्हायचा, दाबताना मोठा उसासा टाकायचा. त्या शांततेत तो आवाज मला ढोल वाजवल्यासारखा वाटला. ओट्यावरचं बोलणं बंद पडलं. आत्यांनी हात थांबवला नाही. ओढत होत्या, दाबत होत्या, ओठ हलत होते. या वेळी नवस चालला होता की शिव्या, ते मला कळलं नाही. लेकराचं जावळ वाऱ्याने हलत होतं, बाकी काही हलत नव्हतं. बाहेरून कोणीतरी फळीवर दांडा आपटला. "अंदर कौन है?" आत्या भाता ओढतच राहिल्या. आणि मग लेकराने एक आचका दिला, तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला.

तो टाहो ऐकून मला आनंद झाला की मी मेले, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आत्यांनी लेकरू माझ्या हातात दिलं, मला आतल्या खोलीच्या उंबऱ्यात ढकललं आणि अडसर काढून एक फळी स्वतः बाजूला केली. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. लुगडं घामाने चिकटलं होतं. समोर माणसं उभी होती, खांद्याला बंदुका, हातात कुऱ्हाडी.

"लोहार कुठंय?" एकाने विचारलं.

"न्हाई. कोणीच गडी न्हाई घरात. आत बाळंतीण हाये."

"भाता कौन चला रहा था?"

"मी."

ते एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांच्यातल्या वयस्कराने गाडीकडे बोट केलं. गाडीत एक भाता होता, आमच्याहून मोठा. त्यांच्याजवळ एक लोहार होता, कुठला ते त्यांनी सांगितलं नाही. कोळसा होता, लोखंड होतं, पण भाता वारा देत नव्हता. वाटूरचा लोहार भाते दुरुस्त करतो असं ऐकून ते आले होते. लोहार नव्हे, लोहारीण, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आत्या म्हणाल्या, "आणा इकडं."

तो भाता त्यांनी पडवीत ठेवला आणि फळीशी उभे राहिले. आत्या खाली बसल्या. हात थरथरत होते, पण क्रम चुकला नाही. भात्याला कान लावला. नळीचं तोंड बघितलं, साफ होतं. सांधा बघितला, घट्ट होता. झडप उचलून पाहिली, बिलकुल ठीक. मग त्यांनी राख घेतली आणि घड्यांवर भुरभुरली. एका घडीच्या अगदी आत, सहज कोणाला दिसणार नाही अशा जागी राख उडाली. त्यांनी ती घडी उलगडली आणि त्यांचं बोट तिथेच थांबलं. मी तोवर काही वर्षं त्या घरात काढलेली. उंदराने खाल्लेलं कातडं मला ओळखू येई, त्याच्या कडा कुरतडलेल्या असतात. जुनं होऊन फाटलेलं ओळखू येई. ही चीर सरळ होती. धारदार हत्याराने, आतून, जाणूनबुजून दिलेली. त्यांच्या त्या कोंडून ठेवलेल्या लोहाराने स्वतःच्या हाताने आपला भाता कापला होता, भाले करावे लागू नयेत म्हणून.

"क्या हुआ?" वयस्कराने विचारलं.

आत्यांनी मान वर केली नाही. "उंदीर," त्या म्हणाल्या. "उंदरानं खाल्लं. तेल लावत न्हाईत, मंग उंदीर लागतो. तुमच्या लोहाराला सांगा, एरंडेल लावत जा म्हणावं."

तो हसला. त्याला पटलं. आत्यांनी कातड्याचा तुकडा घेतला, आरीने भोकं पाडली आणि चीर शिवायला घेतली. कातड्याची वादी ओढताना त्यांचे हात थरथरायचे थांबले, हे मी बघितलं. दुहेरी टाका घातला, वरून तुकडा लावला, कडांना तेल चोळलं. पुन्हा राख टाकून भाता दाबला, तर राखेचा कण हलला नाही. तेवढ्यात लेकरू पुन्हा रडायला लागलं. मी त्याचं तोंड पदराने झाकणार तोच तो वयस्कर माणूस आतल्या बाजूला बघून म्हणाला, "रोने दो. रोनेवाला बच्चा अच्छा." त्यांनी भाता उचलला, गाडीत घातला आणि गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली. घुंगरांचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर आत्यांनी फळी लावली, अडसर घातला, आणि तिथेच राखेत बसून ओकल्या.

आम्ही वाचलो. मुलगी वाचली. तिला पुष्कळ दिवस नीट दूध ओढता येत नव्हतं, मग येऊ लागलं. पावसाळा सरता सरता राज्य बदललं, मामंजी आणि यजमान परत आले, पडवीच्या फळ्या उघडल्या. गाव हसू-बोलू लागलं. सगळ्यांची भीती गेली, आत्यांची मात्र आता कुठे खरी सुरू झाली होती. ओट्याला जी गाडी लागे तिच्या गाडीवानाला त्या विचारत, "त्या वक्ताला तुमच्याकडं काही झाल्तं का? भाले घिऊन कोणी आल्तं का?" काही गाडीवान गप्प बसत, काही सांगायला लागत, आणि सांगायला लागले की आत्या घरात निघून जात. विचारायच्या आणि ऐकायच्या नाहीत. एकदा मी म्हणाले, आत्या, तुम्ही शिवलं नसतं तर त्यांनी आपल्याला जिवंत ठेवलं नसतं. त्या म्हणाल्या, "ते मला कळतंय गं. पण त्यानं जीव टांगून कापलं, आन्‌ मी शिवलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "ढिला टाका घालायचं मनात आल्तं. हाताला जमलं न्हाई."

भाता त्यांनी पुढेही चालवला, दुसऱ्यांचे भाते मात्र तपासायचं सोडलं. लांबून आलेल्या लोहाराला हात जोडून परत पाठवत. त्याऐवजी एक नवीनच उद्योग त्यांनी मागे लावून घेतला. गावात कोणी बाळंत झालं की बोलावणं असो-नसो, जाऊन उभ्या राहत आणि खोलीतली शेगडी बाहेर काढायला लावत. साण्यावरचं झाकण काढत, दाराच्या चिंध्या ओढून टाकत. सुइणी भांडत, म्हाताऱ्या शिव्या देत, बाळंतिणीला वारं लागलं तर तुझ्या नावाने खडे फोडू म्हणत. आत्या सगळ्यांना घाबरत, रडत, पण दार धरून उभ्या राहत. माझ्या पुढच्या बाळंतपणांत आमच्या घरात शेगडी आलीच नाही. माझ्या मुलींच्याही नाही, नातींच्याही नाही. लेकरं सगळी धडधाकट निपजली, आणि वाटूरच्या बायका अजून म्हणतात की भातेवालीच्या घरात बाळंतिणीला थंडीत निजवतात.

आत्या गेल्या त्या वर्षी त्यांना दम्याने धरलं होतं. बाज पडवीत आणून ठेवली होती, फळ्या सताड उघड्या, तरी त्यांना श्वास पुरत नव्हता. मी वारा घालत बसायची. एका सकाळी त्या एकदम म्हणाल्या, "तो भाता कुठं असंल गं?" इतक्या वर्षांनी. त्यांचे डोळे मला बघवेनात. त्यांना सुखाने जाता यावं एवढंच माझ्या मनात होतं, म्हणून मी धडधडीत खोटं बोलले.

"आत्या, तुम्हाला सांगायचं राह्यलं," मी म्हणाले. "तो भाता वाटंतच फुटला. मंठ्याच्या गाडीवानानं सांगितलं मला. शिवण उसवली, आन्‌ त्यांनी तो तिथंच टाकून दिला."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. दम लागला होता तरी बाजेवर हात टेकून अर्ध्या उठल्या.

"उसवंल कशी?" त्या म्हणाल्या. "मी शिवल्ती."

आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या.